अठ्ठाविसावं पोतं

अकोला,
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय कुर्बान,

सप्रेम जयभीम आणि सलाम. दोन्ही एकदमच घे.

तुझी जेबा परवा फोनवर म्हणाली, "काका, अब्बूले आता फोनवर काहीच आयकू येत नाही. मशीन लावलं का शिट्टी वाजते. तुमी लिहूनच पाठवत जा." तीस वर्षं डांबराच्या प्लँटवर त्या फिरत्या ड्रमशेजारी उभा राहिलास, त्याचं हे फळ. मला वाईट वाटलंच. पण खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. पहिली ते दहावी आपण एका बाकावर बसलो आणि माझं एकही वाक्य तू कधी पुरं होऊ दिलं नाहीस. आता चार पानं निमूट वाचावी लागतील. मोबाइलवर टाइप करण्याची जेबाची सूचना मी फेटाळली आहे. तिथं माझा अंगठा व्याकरण विसरतो, आणि संस्कृतच्या मास्तराजवळ व्याकरणाखेरीज दुसरं असतं काय?

पेपरात तुझा फोटो पाहिला. 'सावळापूरच्या रस्त्यात पऱ्हाटीची राख.' कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या उपटायच्या, चुलीत घालायच्या, राख उकिरड्यावर. पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं. त्या राखेची सडक करावी हे आपल्या गावातल्या माणसाला सुचलं आणि तो माणूस तू निघालास, याचा मला मत्सर वाटतो. डांबर-गिट्टीत जी दगडाची भुकटी घालतात तिच्या जागी अर्धी राख, असं पेपरवाला लिहितो. खरं का?

आणि हेही खरं ना, की ही अक्कल तू माझ्या वडिलांकडून, आबांकडून चोरलीस? सावळापूर ते कॅनॉलचा पूल, एवढ्या सडकेचे आबा मैलमजूर होते. एकतीस वर्षं. खड्ड्यात गिट्टी-डांबर घालायचे, धुम्मस मारून ठोकायचे आणि घरच्या चुलीतली राख वरून भुरभुरायचे, बैलांचे पाय चिकटू नयेत म्हणून. आपण दोघं शाळेतून येताना त्या राखेवर बोटानं नावं लिहायचो आणि आबा धुम्मस उगारून मागे धावायचे. त्यांची ठिगळं कधी उन्हात पाघळली नाहीत, आठवतं?

आता कामाचं. ९ मे रोजी आबांना जाऊन वर्ष होईल. तुला ठाऊक आहे, दहनानंतर मी तिसऱ्या दिवसाला थांबलो नाही. शिक्षकांचं उन्हाळी शिबिर होतं, मी गेलो नसतो तर चाळीस माणसं 'राम'शब्द चालवल्याशिवाय घरी गेली असती. राख बाईनं, माझ्या थोरल्या बहिणीनं, सावडली. अस्थी तेव्हाच मातीत ठेवल्या. पण राखेचं पोतं मी ठेवायला सांगितलं होतं: पिंपळाचं रोप आणतो, त्याच्या मुळाशी घालू, म्हणून. रोप आता कुठं कमरेइतकं झालं आहे. (गच्चीच्या पन्हाळीत पिंपळ न बोलावता येतो, कुंडीत बोलावला की रुसतो.) ९ मेच्या पुण्यानुमोदनाला घेऊन येतोय.

पंचफुलाबाईला फोन केला, पोतं कोरडं आहे ना विचारलं. ती "हो" म्हणते आणि ठेवते. तू जाता-येता तिच्या ओसरीत एकदा डोकाव आणि मला लिही. एवढंच काम. वर्षभर लांबवलेली एकच गोष्ट आहे, ती नीट व्हावी.

तुझा,
धर्मपाल


अमरावती,
१३ फेब्रुवारी २०२५

गुरुजी, सलाम.

खत मिळालं. नईमानं वाचून पाह्यलं आन मंग मले देलं. म्हने, "यांचं मराठी वाचलं का मले तहान लागते." तुह्यासारखं मले जमत नाही, मी जसं बोलतो तसंच लिहून राहिलो.

पेपरवाल्यानं बराबर छापलं. आपली जमीन काळी, खारपान पट्टा. पान्यात फुगते, उन्हात फाटते, आन वरची सडक घेऊन फाटते. दगडाची भुकटी बाहेरून आनावी लागते. म्या साहेबाईले म्हटलं, शंभर मीटर मले द्या, राख टाकून पाहू. डिसेंबरात टेंपो घेऊन घरोघर फिरलो, बायकाईनं पोत्यात राख भरून ठेवली होती. नांदगाव पेठच्या आमच्या प्लँटवर नेली, मैद्यासारखी चाळली, जानेवारीत सडक टाकली. पह्यला महिना बेस गेला. एक भेग नाही.

हो, चोरलीच अक्कल उकर्डाकाकाची. रिपोर्टात लिहाले जागा नव्हती, नाहीतर लिहिलं असतं. त्याईचं नावच पाय ना. पह्यले दोन लेकरं गेले म्हनून आजीनं तिसरं जन्मलं का उकिरड्यावर राखेत ठेवलं, उचललं आन नाव ठेवलं उकर्डा, मौतीनं कचरा समजून सोडून द्यावा म्हनून. शहाऐंशी वर्षं सोडलं. राखेचं आन त्या मानसाचं जुनं नातं आहे.

आता एक गंमत आयक. सडक कशी झाली ते पाहाले तिच्यातून गोल तुकडा कापून काढतात, आमी कोअर म्हनतो. चार इंच रुंद. आठ तारखेले एक काढला. तो खड्डा नंतर आमालेच बुजवा लागते. दहा तारखेले माल घेऊन गेलो तं खड्डा बुजलेला! साधा नाही, असा बेस का हात फिरवला तरी कड लागत नाही. आन वरून राख भुरभुरलेली. मह्या मानसाईले विचारलं, अंकुरले विचारलं, शिवमले विचारलं. कोनीच नाही म्हने. ते नवे पोट्टे, त्याईले राख टाकाची रीत ठाऊकच नाही.

दुपारचे बारा-साडेबारा. सडकीवर कुत्रं नाही. म्या कानाचं मशीन काढून खिशात ठेवलं होतं, घामानं खराब होते. गुरुजी, तू हसशील. मले आवाज आला. धप्. थांबून धप्. मंग दोन लागोपाठ, धप् धप्. काका कसे ठोकत ते तुले आठवतेच. मांगं पाह्यलं, कोनी नाही.

उन्ह लागलं असंन. फेब्रुवारीतलं.

नईमा सलाम सांगते. पिंपळाले पानी कमी टाकत जाय.

तुहा,
कुर्बान


अकोला,
२२ फेब्रुवारी २०२५

बधिरश्रेष्ठ कुर्बान यांस,

तुझं पत्र स्टाफरूममध्ये वाचलं. शेजारी भूगोलाचे सर होते. ते म्हणाले, तापलेलं डांबर थंड होताना आवाज करतं. मी म्हटलं, एक-थांबून-एक-आणि-दोन अशा मात्रेत? ते म्हणाले, मग बँडवाले असतील. भूगोलाला सगळ्याचं उत्तर असतं.

आमच्या तर्कशास्त्रात पहिल्याच दिवशी शिकवतात: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून डोंगरावर आग आहे. मी सव्वीस वर्षं तेच शिकवतो. खड्डा बुजलेला आहे, म्हणून बुजवणारा आहे. गावातल्या कुण्या म्हाताऱ्यानं आबांचं काम पाहिलेलं असेल, त्यानं केलं. झालं सिद्ध. भूत घालायला या वाक्यात जागाच नाही.

पण राखेचं काय रे? राख दिसली की काय सिद्ध होतं? एवढंच, की आग होती. ती कुणी लावली, तिथं कोण होतं आणि कोण नव्हतं, हे राख सांगत नाही.

सांगायचं हे, की तू चार पानं लिहिलीस. काळी माती आली, नईमावहिनींची तहान आली, माझ्या पिंपळाचं पाणीसुद्धा आलं. पोत्यावर चकार शब्द नाही. मी पोरांच्या उत्तरपत्रिका तपासतो, कुर्बान. येत असलेला प्रश्न पोरगं कधी सोडत नाही.

बाईकडे गेला होतास का? पोतं पाहिलंस का? एका ओळीत लिही.

धर्मपाल


अमरावती,
१६ मार्च २०२५

धर्मा,

तीन डाव लिहिलं आन तीन डाव फाडलं. रोजे सुरू आहेत, रोज्यात खोटं लिहाची हिंमत होत नाही. नईमा म्हने, "त्याले खरं सांगा, नाहीतर इफ्तारले तुमच्या गळ्याखाली खजूर बी नाही उतरनार." खरंच उतरून नाही राहिलं.

पोतं नाही. पोतं सडकीत गेलं.

तुले क्रमानं सांगतो. राख गोळा केली तव्हा मह्या वहीत सत्तावीस घराईचे नावं होते. पार्बताबाई एक पोतं, योगेशच्या घरचं एक, असे सत्तावीस. प्लँटवर उतरवले तं अठ्ठावीस भरले. म्या म्हटलं, कोनी आनखी एक देलं असंन, बरं झालं. ड्रममधी गेलं सगळं.

दोन दिवसानं चाळनी साफ करत होतो. चाळनीवर राह्यते खडे, कोळसे, कोनाचा खिळा, कोनाची गुंडी. त्यात पितळेचा एक तुकडा होता. अर्धा वितळलेला. घासला तं आकडा दिसला. ४१.

तुले सांगाले पायजे काय, एक्केचाळीस नंबर कोनाचा? बिल्ला छातीवर नसला का मुकादम गैरहजेरी मांडे, म्हनून काका आंघोळीलेच तेवढे बिल्ला काढत. दहनाच्या दिवशी बाईनं पांढऱ्या कपड्याखाली त्याईच्या हातात देला होता. मी तिथं उभा होतो. तू बी.

म्हंजे अठ्ठाविसावं पोतं बाईच्या ओसरीतलं. टेंपो तिच्या घरासमोर उभा होता, मी वर नावं लिहीत होतो. कोनी तरी सरकारी राख समजून ते बी चढवलं. मह्या डोयासमोर. आन मले दिसलं नाही.

तव्हापासून बिल्ला मह्या टेबलाच्या खान्यात आहे. बाईले तोंड दाखवलं नाही. तुह्या खताले तसं उत्तर देलं, कोअर आन पिंपळ करत बसलो. माफी कोन्या तोंडानं मागू?

आन तो आवाज. उन्ह लागलं होतं म्हनालो ना? त्यानंतर चार डाव गेलो. दर डाव भर दुपारी, मशीन खिशात. दर डाव आला. तीन मार्चले दुसरा कोअर काढला होता, तो बी दोन दिवसात बुजला, वरून राख. मले जेबाची हाक आयकू येत नाही, अजान आयकू येत नाही, ट्रकचा हॉर्न आयकू येत नाही. हे आयकू येते. पायातून येते आन छातीत वाजते.

एकच करू शकतो. ते शंभर मीटर प्रयोगाचे आहेत. मी साहेबाईले लिहून देलं का मिश्रन बिघडलं होतं, तं सडक खरवडून काढाचं मशीन येते. निघलेला माल सगळा तुले देतो. त्यात काका किती आन पऱ्हाटी किती ते मले वेगळं करता येनार नाही, पन सगळाच देतो. मह्या नावाचं जे व्हाचं ते होईन.

तू फक्त 'हो' लिही.

कुर्बान


अकोला,
७ एप्रिल २०२५

श्री. कुर्बान यांस,

आपले पत्र मिळाले. उत्तरास विलंब झाला. बारावीचे पेपर तपासणे चालू होते.

रस्ता उखडावा. ९ मे पूर्वी झाल्यास बरे.

बिल्ला रजिस्टर टपालाने पाठवू नये. मी आल्यावर हाती द्यावा.

धर्मपाल खंडारे


अमरावती,
१२ एप्रिल २०२५

खंडारे सर,

'आपन' वाचलं. बेस आहे.

मशीन सहा मेले येते. साहेबाईले अर्ज टाकला. सडकीवर चुन्यानं दोन पट्टे मारून आलो, इथून उखडाचं आन इथवर. पट्टे मारत होतो तव्हा बी आवाज येत होता. पट्टा पुरा झाला आन बंद झाला. इतकी शांतता मले बहिऱ्याले बी सहन झाली नाही.

कुर्बान


सावळापूर,
१८ एप्रिल २०२५

चि. धर्मपालले पंचफुलाबाईचा जयभीम.

म्या चवथी शिकली तं अक्षर तसंच आहे. सून करिश्मा म्हने मी लिहून देतो, पन हे मले मह्या हातानं लिहाचं होतं.

काल कुर्बानभाऊ सडकीवर चुन्याच्या पट्ट्याजवळ बसून दिसला. इतका मोठा मानूस, डोक्शावर रुमाल टाकून उन्हात बसला आन रडून राहिला. म्या गेली, खांद्याले हात लावला, मंग त्यानं सगळं सांगतलं. तू सडक उखडाले लावली म्हने.

तं आयक. पोतं कोनी चुकून चढवलं नाही. म्या चढवलं. मह्या हातानं. कुर्बानभाऊ तिकडं नावं लिहीत होता, त्याले ठाऊक नोयतं. काल बी म्या त्याले हे सांगतलं नाही. पह्यले तुले सांगाले पायजे, तू भाऊ आहे.

काहून चढवलं इचारशीन. पोतं मेपासून ओसरीत होतं. तू म्हनाला आठ दिवसात येतो. जून गेला. पावसात ओसरी गळते, म्या पोत्यावर मही रेनकोटची शीट टाकली आन मी भिजली. राखीले म्हनाला येतो. दिवायीले म्हनाला येतो. उंदरानं कोपरा कुरतडला, म्या शिवला. डिसेंबर लागला. सात महिने मी रोज झाडू मारताना पोत्याले म्हनो, आबा जरासे सरका. सांग बरं, बापाले असं म्हनावं काय?

आन तुले एक ठाऊक नाही. शेवटच्या महिन्यात आबा मले म्हनत, "पंचफुले, मले झाडाखाली नोको टाकू. झाडाखाली बसनाऱ्याईतला मी नोयतो. मले सडकीवर टाका." मले वाटे बुढा बरळून राहिला. सडकीवर कोनी राख टाकते काय, वाऱ्यानं उडून जाईन. मंग कुर्बानभाऊचा टेंपो आला. म्या इचारलं, भाऊ, ही राख उडून तं नाही जाईन? तो म्हने, बाई, डांबरात बसली का शंभर वर्षं नाही निघत. म्या आत गेली आन पोतं आनलं.

तुले सांगतलं असतं. पन तुले फोन लावला का तू इतकं गोड बोलतं का मह्या मनातलं मांगंच राह्यते. म्हनून 'हो' म्हनून ठेवून देत होती.

ते दोन खड्डे बी म्याच बुजवले. बाई मानूस म्हनून कोनाच्या ध्यानात नाही आलं. लहानपनी आबासंगं म्याच जाऊ ना, तू शाळेत जाय तव्हा. माल बसवनं हाताची गोष्ट आहे, इसरत नाही. कुर्बानभाऊच्या मानसाईनं बाजूले सोडलेलं डांबर होतं, चुलीवर गरम केलं, पाट्याच्या वरवंट्यानं दाबलं, राख टाकली.

कुर्बानभाऊ धुम्मसचा आवाज आला म्हनते. ते मले नाही समजलं. मह्याजवळ धुम्मस कुठून येईन? आबांची धुम्मस तं ते रिटायर झाले तव्हाच सरकारात जमा झाली. आन मी वरवंटा दाबतो, ठोकत नाही. दुपारी तं मी तिथं जातच नाही.

सडक उखडू नोको. उखडली तं पुन्हा पोत्यात भरशीन आन पुन्हा येतो म्हनशीन.

डोया दुखून राहिला, मोतीबिंदू पिकला म्हनतात.

तुही बाई,
पंचफुला


अकोला,
२५ एप्रिल २०२५

कुर्बान,

बाईचं पत्र सोबत आहे. आधी ते वाच. सावकाश वाच, मी थांबतो.

वाचलंस? आता मशीन परत पाठव. अर्जात काय लिहायचं ते तुझं तू ठरव. 'संस्कृतच्या एका मास्तराच्या मूर्खपणामुळे' असं लिहिलंस तर मी सही करीन.

तुला 'आपण' म्हटलं. सव्वीस वर्षं पोरांना आदरार्थी बहुवचन शिकवतोय. ते हत्यारासारखं वापरता येतं हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. उलट यायला हवं होतं. पोतं तू हरवलं नाहीस. बाईनंही नाही. सात महिने मी ते रोज हरवत होतो, आणि रोप लहान आहे असं सांगत होतो. रोप काही लहान नव्हतं. मला त्या ओसरीत उभं राहायचं नव्हतं, इतकंच.

आबांना मी विचारलंच नाही, तुम्हाला कुठं ठेवू. मीच ठरवलं, पिंपळ. मला शोभणारी गोष्ट होती ती. मित्रांना सांगायला बरी.

नऊला येतो. बाईला परत येताना सोबत घेऊन येईन, इथं डोळ्याचं ऑपरेशन करून घेऊ. तू सडकेवर ये. बिल्ला आण.

तुझा (असलो तर),
धर्मपाल


अकोला,
१२ मे २०२५

प्रिय कुर्बान,

आज बुद्धपौर्णिमा. बाईचं ऑपरेशन काल झालं, डोळ्यावर पट्टी आहे. ती माझ्या घरी खाटेवर बसून माझ्या स्वयंपाकावर टीका करते आहे. दिसत नसताना वासावरून.

नऊ तारखेबद्दल आपण तिघं काही बोललो नाही, म्हणून लिहितो. तू मला मिठी मारलीस तेव्हा मी तुझ्या कानाशी बरंच बोललो. तुझं मशीन खिशात होतं हे नंतर लक्षात आलं. ते भाषण मी पुन्हा करणार नाही.

भिक्खूंनी सूत्रपठण केलं, गाव जेवलं आणि भर दुपारी आपण सडकेवर गेलो. पंचेचाळीस अंश. दोन्ही बाजूंची जुनी सडक पाघळली होती, चप्पल उचलली की तार निघत होती. मधले शंभर मीटर कोरडे. चुन्याचे तुझे पट्टे अजून होते आणि त्यांच्या मध्ये सडक अशी राखी, निवांत पडली होती की मला जोडे काढावेसे वाटले. काढले. तळव्याला फोड आले आहेत. भूगोलाचे सर म्हणतात, डांबर काळं असतं, ऊन शोषतं.

तू हात वर केलास, "आयक" म्हणालास. तुझा चेहरा मी पाहत होतो. एक, थांबून एक, मग दोन. तुझ्या पापण्या त्या मात्रेत हलत होत्या. बाईनंही मान हलवली.

मला काही ऐकू आलं नाही, कुर्बान. माझे कान शाबूत आहेत. कोणत्या मुलानं ऱ्हस्व म्हटलं आणि कोणत्यानं दीर्घ, हे चाळीसांच्या वर्गात मला शेवटच्या बाकापर्यंत कळतं. मी वाकलो, सडकेला कान लावला, कान भाजला. काही नाही. तुला, बहिऱ्याला, त्यांनी बोलावलं. मला नाही.

तरीही आपण पिंपळ लावला. उखडायची गोष्ट नव्हती, राख जिथं आहे तिथंच राहणार होती. सडकेच्या कडेपासून सात पावलं मोजली, खड्डा केला, मुळाशी बिल्ला ठेवला. बाई म्हणाली, "धर्मा, आबा सडकीच्या कडचा पिंपळ दिसला का उपटत. मुया डांबर फोडतात म्हनत." मी म्हटलं, सात पावलं लांब आहे. ती म्हणाली, "मुयाईले पावलं मोजता येत नाही." मी ऐकलं नाही. वर्षभर वाढवलेलं रोप होतं, परत कुठं न्यायचं?

तू आठवड्यातून दोनदा त्याला पाणी घाल. मी जूनमध्ये येतो. या वेळी खरंच येतो. बाईला सोडायला यावंच लागेल.

तुझा,
धर्मपाल


अमरावती,
१७ मे २०२५

धर्मा,

हे खत बाईले वाचून दाखवू नोको. नाहीतर दाखव. मले समजून नाही राहिलं.

पंधरा तारखेले पानी घेऊन गेलो. दुपारचे साडेबारा. पिंपळ जाग्यावर नव्हता.

म्या म्हटलं बकऱ्याईनं खाल्ला. पन खड्डा बी नव्हता. बुजलेला. हात फिरवला तं कड लागत नाही. वरून राख भुरभुरलेली, ताजी. वारा होता, पन राख हालत नोयती.

रोप दहा पावलं पुढं कॅनॉलच्या बाजूनं सावलीत ठेवलं होतं. एक पान तुटलं नाही. मुयाईले ओलं गोनपाट गुंडाळलेलं, वरून सुतळी, दोन गाठी. गोनपाटातून पानी टपकून राहिलं होतं. तुले आठवते का, काका सडकीकडचं रोपटं उपटत, पन मारत नसत. असंच ओल्या गोनपाटात बांधत आन कोनाले तरी देत, "वावरात लाव रे, इथं मह्या सडकीले तरास देते." योगेशच्या आज्यानं त्यातलंच एक लावलं, ते आता केवढं झालं.

गावात सगळ्याईले विचारलं. कोनी नाही. बाई तुह्याजवळ आहे, डोयाले पट्टी. मी तिथं पन्नास डाव उभा राहून विचार केला का धर्मा म्हने ते तर्कशास्त्र लावू. बुजवलेलं आहे म्हनून बुजवनारा आहे. याच्या पुढं मही गाडी जाऊन नाही राहिली.

बोटानं खोदून पाह्यलं, बिल्ला तरी काढू. बिल्ला नाही. मंग चाळनी आनली, हातभर माती चाळली. नाही.

रोप मह्या अंगनात ठेवलं आहे. नईमानं पानी टाकलं. सांग, कुठं लावू? आन बिल्ला शोधू काय? म्हनशील तं आनखी खोल खोदतो.

आवाज येते. आज परत गेलो तं मी बोललो त्याईच्याशी. म्हटलं, काका, धर्मा आहे अकोल्याले, बाईची सेवा करून राहिला. आवाज थांबला. मंग आला.

कुर्बान


अकोला,
२२ मे २०२५

प्रिय कुर्बान,

बाईला वाचून दाखवलं. ती पट्टीखालून हसली आणि म्हणाली, "म्या सांगतलं होतं."

रोप योगेशच्या आजोबांच्या पिंपळाशेजारी लाव, वावरात, सडकेपासून लांब. त्यांनी बांधून दिलंय म्हणजे ते आपल्याकडे सोपवलंय, मरू देता कामा नये.

जूनमध्ये येईन तेव्हा मीही दुपारी तिथं उभा राहीन. काही ऐकू आलं नाही तरी उभा राहीन. तिसऱ्या दिवसापासूनची हजेरी राहिली आहे माझी.

आणि बिल्ला शोधू नकोस. ड्यूटीवर असताना तो छातीवरच लागतो.

धर्मपाल